प्रेताखाली प्राजक्त कसा?

परसदार
शनिवार, रात्री ११:५२

काल रात्री जेवणं आटपून आम्ही सगळे एक रहस्यमालिका बघत होतो. नाव मुद्दाम लिहीत नाहीये, लिहिलं की धागा त्या हिरोच्या जाकिटावर जातो आणि मूळ मुद्दा राहतो. तर कोकणातला जुना वाडा, मालक अंगणात मरून पडलाय, सकाळची वेळ, डोक्यावर प्राजक्ताचं झाड आणि खाली नुसता सडा. कॅमेरा वरून. दिसायला सुंदर, नाही म्हणत नाही. इन्स्पेक्टर येतो, गुडघ्यावर बसतो, हवालदार प्रेत उचलतात तर प्रेताखालीही फुलं, चांगली चेपून ओली झालेली. आणि हा बाबा उठून म्हणतो, खून रात्री १२ ते १ मध्ये झाला, इथेच झाला, बॉडी हलवलेली नाही.

मी सोफ्यावरून ओरडलेच, हलवलीय! उजाडल्यावर आणून टाकलीय!

कारण असं की वयाच्या सातव्या वर्षापासून आजोळी प्राजक्त वेचायचं काम माझ्याकडे होतं. कळ्या दिवेलागणीला उमलायला लागतात, रात्रभर वास घमघमतो पण फूल झाडावरच असतं, गळायला लागतं ते पहाटे. आजी संध्याकाळी अंगण झाडून घ्यायची आणि झोपायच्या आधी झाडाखाली जुनं नऊवारी अंथरून ठेवायची. (देवाला खाली पडलेलं फूल चालत नाही, याला तेवढी सूट. तरी माती लागलेलं आजीला चालायचं नाही.) रात्री मध्येच लघवीला उठले तर ते लुगडं कोरं दिसायचं आणि साडेपाचला बघावं तर पांढरं झालेलं. पडताना फूल गरगरत येतं आणि बरीचशी उपडी पडतात, केशरी देठ वर करून.

म्हणजे माणूस जर रात्री १२ ला झाडाखाली पडला असेल तर सकाळी फुलं त्याच्या अंगावर पाहिजेत, केसात, शर्टाच्या घडीत, आणि त्याच्याखाली कोरी जमीन. इथे बरोब्बर उलटं, अंगावर एक फूल नाही आणि खाली गादी. मला वाटलं हाच क्लू! नवऱ्याला ऐटीत सांगितलं की बघ, शेवटी हा प्राजक्तच खुन्याला पकडून देणार. पुढची ४० मिनिटं मी वाट बघत बसले आणि शेवटी खुनी पुतण्या, खून १२ लाच, अंगणातच, प्राजक्ताचं नाव नाही. लिहिणाऱ्याने आयुष्यात अंगण झाडलेलं नाही, बास.

नवरा म्हणाला, तू शांतपणे बघू देणारेस का कधी.

तर तुमचे असे किस्से लिहा. एक अट, धंद्यामुळे कळलेलं नको. डॉक्टरांना हॉस्पिटलच्या सीनमध्ये काय काय दिसतं त्यावर आधीच दोन धागे आहेत. आठ-दहा वर्षांचे असताना, कुणी न शिकवता, नुसतं त्या घरात त्या गावात राहून जे कळलं आणि ज्याने पुढे टीव्हीवरच्या डिटेक्टिव्हची फजिती झाली ते हवंय.


चहाबिस्कीट
रविवार, सकाळी ८:१०

ओळखली मालिका. :) एक शंका, त्याच सीनमध्ये ओटीवर हापूसच्या पेट्या होत्या ना? पुतण्या एक आंबा उचलून हुंगतो बघा.


परसदार
रविवार, सकाळी ८:३१

अगं हो की!! म्हणजे महिना मे. आणि प्राजक्त बहरतो पावसाळ्यात, श्रावणापासून पुढे दिवाळीपर्यंत. मे महिन्यात त्या झाडाला धड पानं नसतात, सडा कुठला. हे मला दिसलंच नाही, मी प्रेताखाली बघत बसले.


कर्जतची
रविवार, सकाळी ९:०५

धागा आवडला. माझे बाबा रेल्वेत गार्ड होते, बालपण कर्जतच्या क्वार्टर्समध्ये गेलं, त्यामुळे टीव्हीवर रेल्वे दिसली की घरातले माझ्याकडे आधीच बघायला लागतात. डेक्कन क्वीनमध्ये मध्यरात्री खून दाखवला होता एकदा. ती पुण्याहून सकाळी सव्वासातला सुटते आणि मुंबईहून संध्याकाळी ५:१० ला, मध्यरात्री ती यार्डात झोपलेली असते. पण ते सोडा, तेवढं कुणालाही कळेल.

खरा किस्सा वेगळा. मुंबईहून पुण्याला जाणारी रात्रीची गाडी, खंडाळ्याचा घाट, पाऊस. खुनी प्रेत खांद्यावर टाकून शेवटच्या डब्यात जातो, मागचं दार उघडतो आणि प्रेत रुळांवर सोडतो. कुणी पाहिलं नाही, परफेक्ट क्राइम, पुढचे तीन भाग त्यावर.

कुणी पाहिलं नाही? अहो मागे बँकर आहे, ढकलणारं इंजिन! कर्जत ते लोणावळा चढ १:३७ चा, म्हणजे दर ३७ फुटांना एक फूट वर. पुढच्या एकट्या इंजिनाच्या जिवावर तो चढवत नाहीत म्हणून कर्जतला गाडी थांबवून मागून दोन-तीन इंजिनं जोडतात, ती लोणावळ्यापर्यंत ढकलत नेतात. तोच तो हॉल्ट, सगळे वडे खायला उतरतात आणि गाडी का थांबलीय हे कुणी बघत नाही. आम्ही पोरं पुलावर उभी राहून बघायचो, बँकर येऊन टेकला की सगळ्या डब्यांतून धाड् धाड् असा धक्का पुढे सरकत जायचा आणि प्लॅटफॉर्मवर कुणाच्या तरी हातातला चहा सांडायचा. आम्ही पैज लावायचो कुणाचा सांडणार.

म्हणजे त्या खुन्याने दार उघडलं तर समोर काळोख नव्हे, इंजिनाचा चेहरा आणि काचेमागे दोन माणसं त्याच्याकडे बघत. आणि त्याच्याही आधी, शेवटी गार्डाचा डबा. म्हणजे माझे बाबा. शिट्टी, हिरवा कंदील, स्टीलचा डबा, त्यात आईने दिलेली भाकरी आणि लसणीची चटणी. प्रेत घेऊन कुणी आलं असतं तर बाबांनी आधी तिकीट विचारलं असतं.


खवट
रविवार, सकाळी ९:४०

लोल, प्रेताला हाफ की फुल?

माझं छोटंसं. बापाच्या दर दोन वर्षांनी बदल्या, त्यामुळे लहानपण एसटीच्या खिडकीत. भावाबरोबर गाड्यांचे नंबर ओळखायचा खेळ, ०९ कोल्हापूर, १० सांगली, ११ सातारा, १२ पुणे, १३ सोलापूर, अजून झोपेतून उठवून विचारा. आता मालिकेत कोल्हापूरजवळचं खेडं, सरपंचाची जीप, पाटलाची जीप, खुन्याची जीप, झाडून सगळ्या एमएच ०२ नाहीतर ०४. अंधेरीहून अख्खा गाव आलाय. वर इन्स्पेक्टर संशयिताला म्हणतो, "ही गाडी इथली वाटत नाही." अरे बाबा तुझी तरी कुठली आहे.

आणि कथा घडतेय १९८३ मध्ये. एमएच आणि जिल्ह्याचा आकडा ही भानगड १९८९ च्या मोटार वाहन नियमांनंतरची, त्याआधी तीन अक्षरं आणि पुढे आकडे असायचे.

उसात लपलेल्या माणसाबद्दल पण लिहिणार होतो पण ते कोणीतरी शेतकरी लिहीलच. एवढंच सांगतो, उसातून पळत बाहेर आलेल्या माणसाच्या हातावर एकही ओरखडा नाही म्हणजे तो उसात गेलेलाच नाही, आधी त्यालाच आत टाका.


गड्डीवाला
रविवार, दुपारी १२:२०

बाबा एका बँकेत हेड कॅशियर. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात घरी यायला रात्रीचे नऊ वाजायचे आणि मी डबा घेऊन जायचो, शटर अर्धं खाली, आत पंखा बंद (नोटा उडतात म्हणून), आणि तो वास. जुन्या नोटांचा वास ज्याने घेतलाय त्याला कळेल, घाम, तंबाखू आणि ओलं कापड.

तर मालिका १९८५ सालातली, उद्योगपतीचं पोरगं पळवलंय, खंडणी २५ लाख. उद्योगपती ब्रीफकेस उघडतो, आत हजाराच्या नोटा. इथेच मी चहा खाली ठेवला. हजाराच्या नोटा मोरारजींच्या सरकारने जानेवारी १९७८ मध्ये बाद केल्या होत्या, पाच हजार आणि दहा हजारवाल्या पण. पाचशेची आली १९८७ ला. हजाराची परत यायला २००० साल उजाडलं. म्हणजे १९८५ मध्ये तुमच्या हातात सगळ्यात मोठी नोट शंभराची. वर या नोटांवर गांधीजी, नोटांची ती मालिका १९९६ ची. त्याआधी शंभराला अशोकस्तंभ.

आता हिशोब करा. २५ लाख, शंभराच्या नोटा, म्हणजे २५,००० नोटा. शंभर नोटांची एक गड्डी, अशा २५० गड्ड्या. बाबांकडे दहा गड्ड्यांचं एक बंडल सुतळीने बांधलेलं असायचं, साधारण पावाच्या लादीएवढं. तशा २५ लाद्या. नोट एक ग्रॅमच्या आसपास धरली तर २५ किलो, गव्हाचं अर्धं पोतं. आणि हा उद्योगपती ती ब्रीफकेस दोन बोटांत अडकवून बागेत फिरतोय, झोपाळ्याला झोका देतोय. त्या काळात खंडणी द्यायची तर ट्रंक आणि हमाल लागला असता, आणि अर्ध्या मालिका तिथेच संपल्या असत्या.

आणि माझी सगळ्यात आवडती गोष्ट, गड्डीला कागदाची पट्टी आहे पण स्टेपल नाही! तेव्हा प्रत्येक गड्डी डाव्या बाजूला पिना मारून आवळलेली असायची. बँकेने २००१ मध्ये (म्हणजे रिझर्व्ह बँकेने) ते बंद करायला सांगितलं. बाबा एका बोथट सुरीने पिना उचकटायचे, टक् टक् टक्, त्यांच्या उजव्या अंगठ्याचं नख कायम फाटकं असायचं आणि प्रत्येक नोटेला डावीकडे चार-सहा भोकं, उजेडात धरली की चाळणी. मी तर तपास असा केला असता की संशयितांचे अंगठे दाखवा, ज्याचं नख फाटलंय त्याने पैसे मोजलेत.


नाणेघाटी
रविवार, दुपारी १:०२

@गड्डीवाला, भारीच. फक्त एक दुरुस्ती, राग नसावा. १९६९ ला गांधी जन्मशताब्दीच्या नोटा निघाल्या होत्या, मागे सेवाग्रामचा आश्रम, त्यात शंभराची पण होती. आणि तुमच्या त्या १९८७ च्या पाचशेवर पण गांधीजीच होते.

माझं बालपण स्टँपच्या वहीत गेलं त्यामुळे पाकीट दिसलं की पॉज करतो. १९६५ सालचं निनावी पत्र, पत्त्याखाली व्यवस्थित ४११ ने सुरू होणारा पिन कोड. पिन कोड आला १५ ऑगस्ट १९७२ ला, आणणारे आपले श्रीराम भिकाजी वेलणकर, पोस्टातले अधिकारी आणि संस्कृत कवी. खुन्याला सात वर्षं आधी कळला म्हणजे खुनी वेलणकरांच्या ऑफिसातला असणार.


गड्डीवाला
रविवार, दुपारी १:१५

मान्य. बाबा असते तर तुम्हाला चहा पाजला असता.


भांगाची_भरती
रविवार, दुपारी ४:४८

देवगडकडचा. आमच्याकडे घड्याळ नंतर आलं, आधी तिथी. आजोबा रापणीला (किनाऱ्यावरून जाळं ओढायला) जायचे, आणि पोरांना पाढ्यांच्या आधी एक हिशोब पाठ, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पक्षातली तिथी घ्यायची, चतुर्थी तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनला पाणी भरलेलं, दुपारी पण आणि पहाटे पण. त्यानंतर सहा तासांनी सुकती. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो पण आयुष्य काढायला पुरतं.

आता मालिका ऐका. बहुतेक तुम्ही सगळ्यांनी पाहिली असेल. गोकुळाष्टमीची रात्र, दुसऱ्या दिवशी गावात दहीहंडी आहे, ते डायलॉगमध्ये चार वेळा येतं. खुनी संध्याकाळी सहाला प्रेत किनाऱ्यावर वाळूत अर्धं पुरून ठेवतो, त्याचा प्लॅन असा की मध्यरात्री उधाणाची भरती येणार आणि घेऊन जाणार. मध्यरात्र होते, आकाशात पूर्ण वाटोळा चंद्र, लाटा खडकावर आपटतायत, प्रेत गेलं. सकाळी डिटेक्टिव्ह समुद्राकडे बघून म्हणतो, "लहरों ने सबूत मिटा दिया."

अष्टमी, आठ पाऊणे सहा. म्हणजे भरती संध्याकाळी सहालाच, हा प्रेत पुरत होता तेव्हा पाणी त्याच्या पायाशी पाहिजे. मध्यरात्री ओहोटी, पाणी मागे हटलेलं, खेकडे सोडले तर कोणी नाही. उधाण असतं अमावस्या-पौर्णिमेला. अष्टमीला आमच्याकडे भांग म्हणतात, पाणी धड वर चढतही नाही आणि धड उतरतही नाही, मरगळलेलं असतं. आणि चंद्र! गोकुळाष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो आणि तोही अर्धा. देवळात कृष्णजन्माचा पाळणा म्हणून झाला, सुंठवडा हातात घेतला आणि बाहेर आलं की डोंगरावर चंद्र वर येताना दिसायचा, पोरं त्यासाठीच जागायची. (ढग नसले तर. श्रावण आहे.)

एका भागात भरती चूक, उधाण चूक, चंद्र चूक. आणि हे सगळं त्या एका दहीहंडीच्या डायलॉगने उघडं पाडलं, तो नसता तर कुणाला कळलंही नसतं. सकाळी प्रेत जागच्या जागी मिळालं असतं आणि आमच्या गावात पोलीस यायच्या आधी रापणकरांनी पाहिलं असतं.


संकष्टीची_पोर
रविवार, संध्याकाळी ६:३०

चंद्रावरून, आईची संकष्टी असायची आणि गच्चीवर जाऊन "आला का गं" बघायची ड्यूटी माझी, भुकेला सगळं घर. त्यामुळे टीव्हीवर रात्री १२ ला पश्चिमेला तिजेची कोर दिसली की पोटात कावळे ओरडतात. :) ती कोर सूर्यामागोमाग तास-दोन तासांत मावळते हो.

अवांतर, चंद्राने खरोखरच्या खटल्यात माणूस वाचवलाय. १८५८ साली अमेरिकेत अब्राहम लिंकन, तेव्हा ते वकील होते, एका पोराचा खुनाचा खटला लढवत होते. साक्षीदार म्हणाला रात्री ११ च्या सुमारास चंद्र डोक्यावर होता, लख्ख उजेडात मी मारताना पाहिलं. लिंकननी पंचांग, म्हणजे त्यांचं आल्मनॅक, काढून दाखवलं की त्या वेळी चंद्र मावळतीला टेकला होता. पोरगं सुटलं. आमच्या मालिकांत वकील टेबलावर हात आपटतात, पण भिंतीवरचं कॅलेंडर कोणी उलटून बघत नाही.


कौलारू
रविवार, रात्री ८:१५

सापांचं कोणी लिहिलं नाही अजून? माझं लहानपण शिराळ्याच्या बाजूला, नागपंचमी म्हणजे आमची दिवाळी. पोरांना साप रंगावरून नाही, चालीवरून कळायचे. घोणस कुकरच्या शिट्टीसारखी फुसफुसते, फुरसं अंगाला अंग घासून कर्र करतं, धामण दिसली की मोठी माणसं म्हणायची जाऊ दे, उंदीर खाते.

मालिकेत "खतरनाक नाग" म्हणून पेटीतून जे काढतात ती शंभरात नव्वद वेळा धामण असते. बिचारी घाबरून कोपऱ्यात जाते आणि हिरॉइन किंचाळते. फणा कुठाय विचारलं तर म्हणे रागावला नाहीये.

पण मला लिहायचंय मण्यारीबद्दल. खुनी मण्यार सोडतो खोलीत, ती पलंगावर चढते, माणूस दिवसाढवळ्या "आई गं" म्हणून पाय धरून कोसळतो, पाय टम्म सुजतो, दहा सेकंदात खेळ खलास. सगळं चूक. मण्यार रात्रीची, आणि तिचा दंश कळत नाही, ढेकूण चावल्यासारखा. आमच्याकडे जमिनीवर झोपलेली माणसं पहाटे पोटात दुखतंय म्हणून उठायची, पापण्या जड, बोलता येत नाही, आणि पायावर सूज नाही की काही नाही. पोटदुखीवर ओवा देत बसायचे आणि तेवढ्यात उशीर व्हायचा. मण्यार चावत नाही, झोपलेल्या माणसाच्या छातीवर बसून श्वास शोषून घेते, म्हणून खूण सापडत नाही. खऱ्या मण्यारीचा खून कुठल्याच इन्स्पेक्टरला सापडला नसता.


स्टेथो
रविवार, रात्री ९:३३

धागाकर्तीने डॉक्टरांना बंदी घातलीय तरी येतोय, दिवे घ्या.

@कौलारू, पहिलं सगळं अचूक. पोटदुखी, पापण्या गळणं, सूज नसणं, अगदी पुस्तकात आहे तसं. पण शेवटचं नाही. मण्यार श्वास शोषत नाही. तिचं विष नसांवर काम करतं, श्वासाचे स्नायू हळूहळू लुळे पडतात आणि माणूस श्वास बंद पडून जातो. दंशाचे दात इतके बारीक की खूण शोधूनही सापडत नाही. गावातल्या लोकांनी जे पाहिलं ते बरोबरच होतं, की माणूस झोपेत गेला, खूण नाही, श्वास थांबला. त्यातून जोडलेली गोष्ट तेवढी चुकली. आणि ओवा नको, सरळ दवाखाना, वेळेत सर्पदंशाची लस आणि गरज पडली तर व्हेंटिलेटर मिळाला की माणसं वाचतात.


कौलारू
रविवार, रात्री ९:५०

पन्नाशी आली, आजवर आजीचं खरं मानून चाललो होतो. धन्यवाद डॉक्टर. आजीला सांगता येणार नाही आता.


खवट
रविवार, रात्री १०:०४

सापाच्या बाबतीत साहेबाने पण तेच केलंय की. होम्सची ठिपकेदार पट्ट्याची गोष्ट, १८९२ ची, त्यात "भारतातला सगळ्यात विषारी साप" बशीतलं दूध पितो, घंटेच्या दोरीवरून खाली उतरतो आणि शिट्टी वाजली की परत वर. तसा साप भारतात कुणाला सापडलेला नाही. सापाला बाहेरचे कान नाहीत, हवेतला आवाज थोडाफार जाणवतो म्हणतात पण शिट्टीला ओ देणं म्हणजे कुत्रा झाला. शिराळ्याच्या कुठल्याही पोराने ती केस पाचव्या मिनिटाला बंद केली असती, की साप नाही, गोष्टीतला डॉक्टर खोटं बोलतोय.


पेठेतला
सोमवार, सकाळी ७:२५

सगळे इथे जिंकलेलेच किस्से सांगतायत, मी हरलेला सांगतो.

हॉस्टेलला असताना कॉमन रूममध्ये एक मालिका लागली होती, चेन्नईत खून, डिसेंबर महिना, आणि धो धो पाऊस. खुनी म्हणतो पावसामुळे मी घरीच अडकलो होतो. मी जन्मापासून पुण्यात, डिसेंबर म्हणजे स्वेटर, हुरडा आणि कोरडे ओठ, मी सगळ्यांसमोर उठून घोषणा केली, हा खोटं बोलतोय, डिसेंबरात कुठला पाऊस, हाच खुनी! टाळ्या पण पडल्या. मागून एक तमिळ मुलगा शांतपणे म्हणाला, आमच्याकडे ऑक्टोबर ते डिसेंबरच पाऊस असतो, तुमचा जूनमधला आमच्याकडे फारसा येतच नाही. त्याच्या लहानपणी शाळेला पावसाची सुट्टी नोव्हेंबरात मिळायची. माझ्या डोक्यात तोपर्यंत पाऊस म्हणजे जून, अख्ख्या जगाचा जून.

खुनी अर्थात दुसराच निघाला. मला पुढे वर्षभर "हवामान खातं" म्हणायचे.


निगेटिव्ह
सोमवार, सकाळी ११:००

हाहाहा हवामान खातं.

काकांचा फोटो स्टुडिओ होता, तालुक्याच्या गावाला, आयडेंटिटी साइज तीन कॉपी, लग्नाच्या ऑर्डरी. डार्करूममधला लाल दिवा सगळ्या रहस्यमालिकांना फार आवडतो. डिटेक्टिव्ह मृताच्या कॅमेऱ्यातून रीळ काढतो, लाल दिव्याखाली सर्रकन ओढून उलगडतो आणि उजेडाकडे धरून म्हणतो, "हा चेहरा ओळखतोस?" अरे चेहरा गेला! सगळे चेहरे गेले! लाल दिवा चालतो तो ब्लॅक अँड व्हाइटच्या कागदाला, प्रिंट काढताना. फिल्मला कुठलाच दिवा चालत नाही. काका दार लावून, फटीला गोधडी कोंबून, मिट्ट काळोखात नुसत्या बोटांनी रीळ टाकीत भरायचे आणि तेव्हा कुणी बोललेलं पण आवडायचं नाही त्यांना. मी एकदा सहा वर्षांची असताना दार उघडलं होतं. कुणाच्या तरी साखरपुड्याचे ३६ फोटो. तेव्हाचा मार अजून आठवतो, त्यामुळे तो डिटेक्टिव्ह रीळ ओढतो तेव्हा माझा हात आपोआप गालाकडे जातो.


क्लॅप
सोमवार, दुपारी ३:४०

वाचनमात्र होते, आज कबुलीजबाब द्यायला आले. काही वर्षं मालिकांच्या आर्ट डिपार्टमेंटला असिस्टंट होते. @परसदार, तुमची ती मालिका आमची नाही, पण हाच सीन आम्ही पण केलाय. :(

स्क्रिप्टमध्ये लिहिलेलं, "पारिजातकाचा सडा, त्यावर बॉडी." मला आदल्या दिवशी सांगितलं, दोन पोती पारिजातक आण. दादरच्या फुलबाजारात विचारलं तर तो फुलवाला इतका हसला. पारिजातक बाजारात येतच नाही, सकाळी दहाला मरतं ते, विकणार कधी. मग आम्ही रात्रभर बसून तगरीच्या फुलांना केशरी रंगाच्या काड्या चिकटवल्या, आणि त्या पुरेनात म्हणून मागच्या बाजूला कापडाची. शॉट "सकाळ"चा, घेतला दुपारी तीनला, मढच्या एका बंगल्यात. झाड आंब्याचं होतं, फक्त खोड फ्रेममध्ये ठेवलं.

आणि मी बोलले होते हो! आमच्या घरी पण झाड होतं. डायरेक्टरला म्हटलं सर, फुलं बॉडीच्या अंगावर पण टाकूया. तर मेकअपवाला म्हणाला रक्त झाकलं जाईल, तासभर लावून केलंय. कॅमेरामन म्हणाला फुलं अंगावर टाकली तर वाटेल अंत्ययात्रा आहे. आणि मेलेला नट म्हणाला त्याला काड्या टोचतायत. मग मी गप्प.


परसदार
सोमवार, दुपारी ४:०५

@क्लॅप, रात्रभर काड्या चिकटवल्या हे वाचून माझा अर्धा राग गेला. पुढच्या वेळी ओरडायच्या आधी तुमची आठवण येईल. ओरडेन मात्र.


परसदार
बुधवार, रात्री १०:२०

शेवटचा अपडेट. आई आलीय राहायला, ७८ वर्षांची, माझ्या आजीची मुलगी म्हणजे तिनेही ते लुगडं अंथरलेलं आहे. तिला मुद्दाम तो भाग लावून दिला, काही सांगितलं नाही, म्हटलं बघू हिला प्राजक्त दिसतो का.

तिने प्रेत बघितलं, इन्स्पेक्टर बघितला, आंब्याच्या पेट्या बघितल्या. प्राजक्ताबद्दल अवाक्षर नाही. मी शेवटी विचारलं, आई, काही खटकलं का गं?

म्हणाली, "मे महिना ना? मग मुंबईची माणसं कुठायत?"

मला कळेना. तर म्हणे, "मे महिन्यात वाड्यात वीस-पंचवीस माणसं असतात. ओटीवर पुरुष, पडवीत गडी, आणि अंगणात मांडवाखाली उकडतंय म्हणून सगळी पोरं ओळीने आडवी. रात्री पाणी प्यायला उठलं तर पाय ठेवायला जागा नसते. तो पुतण्या खून करायला अंगणात आला कुठून, पोरं तुडवत?"

पुढचा भाग शुक्रवारी आहे. आईने खुर्ची आत्ताच टीव्हीसमोर ओढून ठेवलीय, आणि नवरा म्हणतोय तो शुक्रवारी मित्राकडे जाणार आहे.